चेटकिणीच्या हातात काय असतं?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन प्रकारच्या शंका कानावर आल्या. काहींना वाटलं, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचं भाषण असणार. काहींना वाटलं, विक्का शिकवणार. (हशा) दोन्ही नाही. सिनेमा, नाटक आणि वर्तमानपत्रातली बातमी या तीन ठिकाणी मला एकच गोष्ट तपासायची आहे. चेटूक म्हटलं की तिथे कुठल्या वस्तू दाखवतात, आणि त्या कुणाच्या हातात देतात?

आधी विक्काचं उरकून घेतो, कारण मोबाइलवर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलेलं असतं. काळ्या मुठीची दुधारी सुरी, तिला अथामे म्हणतात. लाकडी कांडी, पेला, पंचकोनी तारा कोरलेली तबकडी, कढई, केरसुणी. मेणबत्त्या वेगळ्या. त्या सुरीने काही कापायचं नसतं, हवेत रिंगण आखायचं असतं. हे सगळं फार प्राचीन असल्याच्या थाटात विकलं जातं. प्रत्यक्षात या पंथाला आजचं रूप जेराल्ड गार्डनर या इंग्रज गृहस्थाने दिलं. हा मलायात कस्टम खात्यात नोकरीला होता, आणि तिथल्या क्रिस नावाच्या नागमोडी खंजिरांचा अभ्यासक होता. १९३६ साली त्याने त्या हत्यारांवर पुस्तकही लिहिलं. इंग्लंडमधला १७३५ चा जादूटोण्याचा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्याचं ‘विचक्राफ्ट टुडे’ आलं. कांडी, पेला, खंजीर आणि तबकडी ही चौकडी १८८८ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘गोल्डन डॉन’ या मंडळाकडे आधीपासून होती. म्हणजे निवृत्त अधिकाऱ्याचा छंद आणि शहरी क्लबची सामग्री यांची ही जुळणी. मी टिंगल करत नाही. शिवी म्हणून वापरलेला शब्द माणसांनी स्वतःहून अंगावर घेतला, यात धाडस आहेच. आपल्याकडे कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्तींनी ते केलं. पण ‘मी विच आहे’ म्हणणारी बाई आणि ‘ही भुताळी आहे’ असं जिच्याकडे बोट दाखवून म्हटलं जातं ती बाई, या दोघींमध्ये फार अंतर आहे. पहिलीकडे साहित्य असतं, तिने ते निवडलेलं असतं. दुसरीकडे काय असतं?

केरसुणीचंच घ्या. इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांतून आपल्या मुलांच्या चित्रकलेच्या वहीत चेटकीण आली ती टोकदार टोपी घालून, झाडूवर बसून. आणि त्याच घरात लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळद-कुंकू वाहतात. चुकून पाय लागला तर नमस्कार करतात. आपल्या चेटकिणीला झाडू देणं म्हणजे तिच्या हातात लक्ष्मी देणं झालं. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ती चेटकीण आपली नव्हतीच.

आपल्याकडची खरी वस्तू सूप आहे. मी त्यावर थोडा रेंगाळणार आहे.

रायगडात, इथे आपल्या पनवेल तालुक्यातही, सूप बाईच्या हातातलं. पाखडायचं काम तिचं. मूल जन्मलं की पाचवीला-सटवाईला सूप लागतं, कित्येक घरी बाळाला सुपात घालतात. भाद्रपदात गौरी आल्या की कोकणात ओवसा असतो. नव्या सुनेचा पहिला ओवसा तर मोठा समारंभ. सुपांत पानं, फळं, सुकामेवा मांडायचा, सूप गौरीपुढे ओवाळायचं, मग त्यातलं वाण घरच्यांना द्यायचं. धान्याचं फोलपट आणि दाणा वेगळा करणारी ही वस्तू. निवडायचं, टाकायचं, ठेवायचं, हा तिचा धर्म. तो अधिकार रोजच्या कामातून बाईकडे आलेला आहे आणि सणात त्याची पूजा होते.

आता हेच सूप भगतापुढे बघा. माथेरानच्या पायथ्याला धोदाणी, मालडुंग्याकडे ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, तशा वाड्या सगळ्या जिल्ह्यात आहेत. भगत ही तिथली जुनी संस्था. पोर तापाने फणफणलं, गाय आटली, सांगितलेलं लग्न मोडलं, की माणसं भगताकडे जात आली. पद्धत वाडीगणिक बदलते, पण ढोबळ असं की पुढ्यात सूप घ्यायचं, त्यात तांदूळ टाकायचे, दाणे जोडीजोडीने मोजायचे. सम आले तर एक अर्थ, विषम आले तर दुसरा. घरचा देव रुसलाय, की कुठलं वारं लागलंय, की कुणी ‘केलंय’. भगताला जडीबुटी कळते, तो माणसाचं ऐकून घेतो, आणि कित्येक भगत आयुष्यात कुणाचं नाव घेत नाहीत. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर वाडीवर बोट दाखवून फ्लॅटमधल्या बाबाला आपण मोकळा सोडतो. पण जेव्हा प्रश्न ‘कुणी केलं?’ असा विचारला जातो, तेव्हा पाखडण्याची क्रिया माणसांवर चालते. दाणा कोण, फोलपट कोण, हे सुपातून ठरतं. आणि बहुतेक वेळा फोलपट निघते ती एकटी बाई, विधवा, म्हातारी, किंवा जिच्या नावावर थोडी जमीन आहे अशी. तिकडे सातपुड्यात, नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागात, तिला डाकीण म्हणतात. तिच्या घरात शोधलं तर काय सापडेल? पाटा, चूल, सूप. जे शेजारणीच्या घरात आहे तेच. साहित्य असतं ते तिचं नाव घेणाऱ्याकडे. हाच माझा आजचा मुद्दा आहे, आणि आपल्या कलाकृतींनी तो बहुतेक उलटा करून ठेवला आहे.

रंगभूमीवरून सुरुवात करू. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८ च्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी. पुरुषाने केलेली चेटकीण मुलांना घाबरवते आणि दुसऱ्या क्षणी हसवते, ती कुणाच्याच आजीसारखी दिसत नाही. म्हणून ते नाटक मला निर्धोक वाटतं. त्यातली भीती प्रेक्षागृहाच्या दारातच राहते, गल्लीतल्या म्हातारीच्या अंगाला चिकटत नाही.

गंमत म्हणजे हेच प्रभावळकर १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचू झाले. महेश कोठारेंनी अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’ची कल्पना उचलली हे सगळ्यांना माहीत आहे, पण तिला मराठी केली ती दोन गोष्टींनी. एक, रामदास पाध्यांचा बाहुला. दुसरी, बाबा चमत्कारकडून मिळवलेला मृत्युंजय मंत्र. इथे साहित्य पूर्णपणे पुरुषांच्या जगातलं आहे. गुंड, मांत्रिक, पोलीस, आणि भोळा लक्ष्या. करणीच्या काळ्या बाहुलीऐवजी बोलका बाहुला आला, आणि करणीचा संशय घ्यायला बाईच उरली नाही. मनोरंजन म्हणून हे केलं असेल, पण समाजशास्त्र अजाणता बरोबर जमलं! मंत्र पुरुषाचा, सौदा पुरुषाचा, गुन्हा पुरुषाचा.

आता ‘तुंबाड’. २०१८ चा, राही अनिल बर्वे यांचा. भाषा हिंदी, पण वाडा, पाऊस, लंगोट, सोवळं सगळं आपलं. साहित्याच्या बाबतीत याच्या जवळपास येईल असा दुसरा सिनेमा मला आठवत नाही. कवटी नाही, त्रिशूळ नाही. पीठ आहे. देवीच्या गर्भात उतरायचं तर भोवती पिठाचं रिंगण घालायचं आणि हस्तरला भुलवायला कणकेची बाहुली न्यायची. त्याला सोनं मिळालं पण धान्य मिळू दिलं नाही, म्हणून तो पिठावर झडप घालतो आणि तेवढ्यात विनायक त्याच्या लंगोटातून मोहरा ओढतो. लोभाचं सगळं यंत्र स्वयंपाकघरातल्या डब्यातून निघतं. दिग्दर्शकाला कळलंय की आपल्याकडे तंत्रमंत्राची सामग्री दुकानातून येत नाही, माजघरातून येते. ती माजघरातून पुरुषाच्या धंद्यात जाते हेही कळलंय. बाप मुलाला शिकवतो, बायकोला वाट्याला दळण-मळण आणि प्रतीक्षा.

मग खटकतं कुठे? त्या म्हातारीपाशी. हस्तरचा शाप लागलेली, साखळदंडाने बांधून ठेवलेली, वेळच्या वेळी खायला घालून झोपवावी लागणारी. कथेच्या तर्कात ती दुसऱ्या कुणाच्या तरी लोभाची बळी आहे. पण कॅमेरा तिला कशी वागवतो? सिनेमातली पहिली खरी किंचाळी तिच्या चेहऱ्यावर बेतलेली आहे. पुढे विनायक मोठा होऊन परततो, तिच्या अंगातून झाड उगवलेलं असतं, ती गुपित सांगते, आणि मोबदल्यात तो तिला जाळून सोडवतो. म्हातारीला जाळणं ही इथे दया आहे! पडद्यावर ते विलक्षण प्रभावी आहे, मी नाकारत नाही. पण ज्या देशात डाकीण ठरवलेल्या बाईला जाळल्याच्या बातम्या आजही येतात, तिथे हे दृश्य लिहिताना लेखकांचा हात क्षणभर अडखळायला हवा होता. पिठाबद्दल इतका बारीक विचार केलेल्या सिनेमाने म्हातारीच्या चेहऱ्याबद्दल तो केला नाही, हा माझा आक्षेप आहे. सिनेमा चांगला आहे म्हणूनच तो घ्यावासा वाटतो. वाईट सिनेमावर एवढं कोण बोलतं?

बातमीबद्दल थोडक्यात. ‘अघोरी पूजेचं साहित्य सापडलं’ ही बातमी तुम्ही कितीदा वाचली असेल. लिंबं, टाचण्या, बिब्बे, काळी बाहुली, हळद-कुंकू, नारळ, कोंबडा. यादी नीट असते, फोटो मोठा असतो. शनिवारी सिग्नलला गाडीवाले विकत घेतात तीच लिंबं-मिरच्या. कुणाच्या नावाने ते मांडलं, आणि त्या नावाच्या बाईचं गावात पुढे काय झालं, हे पुढच्या अंकात शोधावं लागतं आणि सापडत नाही.

उलट आपला कायदा वाचा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, चारच दिवसांनी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत. भाषा रुक्ष आहे, पण रचना मला फार शहाणी वाटते. त्यात लिंबावर बंदी नाही, बाहुलीवर नाही, सुपावर नाही. बंदी कृतीवर आहे. एक बाब तर सरळ अशी की अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावरांचं दूध आटवते असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. म्हणजे जिच्यावर आळ आला तिच्या हातात काय होतं हे कायदा विचारतच नाही. बोट कुणी दाखवलं, एवढंच विचारतो. मसुदा लिहिणाऱ्यांना जे दिसलं ते आपल्या भयकथा लिहिणाऱ्यांना अजून दिसायचंय.

इथे बरेच तरुण लेखक बसलेत, वेब सिरीज लिहिणारे आहेत असंही कळलं. तुमच्यापैकी कुणी या विषयावर लिहायला घेतलं तर पहिला प्रवेश भगताच्या अंगणात ठेवू नका. ते सूप तिथे कुणाच्या घरातून आलं, सकाळी त्यात कुणी तांदूळ पाखडले, आणि संध्याकाळी त्याच सुपातून तिचंच नाव कसं निघालं, इथून सुरू करा. त्यात भुताची गरज पडते का बघा.

बरं, वेळ झाली आहे. मागे हात वर दिसतोय, माईक त्यांच्याकडे द्या.