बॉर्डर्स ‘ई-बुकमुळे’ बुडालं?

पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने परवा मला त्याचं प्रेझेंटेशन दाखवलं. पहिल्याच स्लाइडवर लिहिलेलं: ‘ई-बुकमुळे बॉर्डर्स ही पुस्तकांच्या दुकानांची अमेरिकन साखळी बंद पडली.’ असं वाक्य तुम्हीही कुठेतरी वाचलं असेल. मला ते पटत नाही. अडचण आहे ती त्यातल्या ‘मुळे’ची. (माझ्या सिनॉप्सिसमध्ये गाईडनी असे सात ‘मुळे’ लाल पेनने गोल केले होते, म्हणून जरा जास्तच बोलतेय.)

आधी तारखा बघा. किंडल आलं नोव्हेंबर 2007 मध्ये. बॉर्डर्सने फेब्रुवारी 2011 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जुलैमध्ये उरलेली 399 दुकानं गुंडाळायला घेतली. सुमारे 10,700 लोकांच्या नोकऱ्या गेल्या. क्रम बरोबर जुळतो, म्हणून कारण सापडल्यासारखं वाटतं. पण कंपनीचा शेवटचा वार्षिक नफा किंडलच्या आधीच होऊन गेला होता. घसरण आधी सुरू झाली, तर तिचं कारण नंतर कसं येईल?

मग आधी काय झालं होतं? 2001 मध्ये बॉर्डर्सने आपली ऑनलाइन विक्री चक्क अ‍ॅमेझॉनकडे सोपवली. स्वतःची वेगळी वेबसाइट पुन्हा काढली ती थेट 2008 मध्ये. लोकांना छापील पुस्तकं घरबसल्या मागवायची सवय लागत होती, नेमक्या त्याच वर्षांत आपलं गिऱ्हाईक यांनी प्रतिस्पर्ध्याच्या दारात नेऊन सोडलं! शिवाय मोठाल्या दुकानांतली बरीच जागा सीडी-डीव्हीडींनी अडवलेली. गाणी डाउनलोड होऊ लागल्यावर त्या जागेचं भाडं मात्र सुटलं नाही. डोक्यावर कर्ज होतंच. ई-बुकने शेवटचा धक्का दिला असेल, एवढं मी मानते.

तुलनेला बार्न्स अँड नोबल घ्या. त्यांनी 2009 मध्येच नूक हे स्वतःचं ई-रीडर आणलं. ई-बुक नसणं हाच रोग असता, तर हे ठणठणीत व्हायला हवे होते. उलट नूकमध्ये पैसा बुडत गेला. 2012 मध्ये त्यात 30 कोटी डॉलर गुंतवणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेही 2014 च्या शेवटी अंग काढून घेतलं. कंपनी सावरली ती 2019 मध्ये मालकी बदलून जेम्स डाउंट प्रमुख झाल्यानंतर. कुठलं पुस्तक ठेवायचं हे त्यांनी त्या त्या दुकानावर सोपवलं आणि पुस्तक दर्शनी टेबलावर मांडण्यासाठी प्रकाशकांकडून पैसे घेणं थांबवलं.

इथेही घाई नको हं. बॉर्डर्स मैदानात उरलं नव्हतं, लॉकडाउनमध्ये वाचन वाढलं, टिकटॉकवर पुस्तकांची चर्चा रंगली. हे सगळं एकत्र घडलं, आणि आपल्या हातात कंपन्या दोनच.

ज्युनिअरने काल सुधारलेली स्लाइड पाठवली. आता तिथे ‘डाउंटमुळे’ असं आहे. मी लाल पेन शोधतेय.