सेंद्रिय भुईमूग : उगवणीचा हिशेब आणि आपले शेतीलेखन

सेंद्रिय भुईमुगाच्या लागवडीसंबंधी मराठीत पुस्तिका व माहितीपत्रके आता विपुल आहेत. त्यांचा हेतू स्तुत्य आहे, याविषयी दुमत नाही. परंतु हे लेखन एकत्र वाचले असता एक उणीव वारंवार जाणवते. ज्या पहिल्या तीन आठवड्यांत पिकाचे भवितव्य बव्हंशी ठरते, त्यांच्या वाट्यास दोन-चार ओळीच येतात. आणि त्या ओळींतही बी रुजणे व रोप तगणे या दोन भिन्न गोष्टी एकच मानल्या जातात. प्रस्तुत टिपणात या उणिवेचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम हिशेब पाहू. भुईमुगाच्या प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के उगवणशक्तीची अट आहे. ही चाचणी अनुकूल उष्णतामानात व ओलाव्यात होते. शेतातील मातीत होत नाही. ३० × १० सेंटीमीटर अंतरावर हेक्टरी सुमारे ३,३३,००० रोपे बसतात. एका जागी एकच दाणा टोकला आणि बी किमान अटीइतकेच असले, तर मातीतील बुरशीने हात लावण्यापूर्वीच सुमारे एक लाख जागा रिकाम्या राहतात. बियाण्याचे प्रमाण सांगतानाही ‘हेक्टरी १०० ते १२५ किलो’ हा आकडा एका पुस्तिकेतून दुसरीत उतरतो. शंभर दाण्यांचे वजन ३५ ग्रॅम असेल, तर वरील जागांना सुमारे ११७ किलो दाणे लागतील. ५० ग्रॅम असेल, तर १६७ किलो. दाण्याचे वजन न सांगता दिलेल्या आकड्यास अर्थ तो काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रूढ शेतीत बियाण्यास थायरमसारखे बुरशीनाशक चोळतात. २००१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या मानकांत अशा कृत्रिम रसायनास स्थान नाही. मग आपले लेखक थायरम खोडून तेथे ट्रायकोडर्मा किंवा बीजामृत लिहितात. जणू केवळ डबा बदलला. वस्तुतः थायरम हे तयार विष आहे, तर ट्रायकोडर्मा हा सजीव आहे. त्यास वाढण्यास वेळ व ओल हवी, आणि मुळात तो पाकिटात जिवंत असावयास हवा. उलट जमिनीलगत रोपाचे खोड कुजविणारी अस्परजिलस नायगर ही बुरशी तापलेल्या जमिनीत जोर धरते, आणि खरिपाच्या प्रारंभी जमीन तशीच असते. बीजामृताविषयी तर सावधगिरीची सूचना ठळकपणे द्यावयास हवी. भुईमुगाच्या दाण्याचे तांबडे साल अतिशय पातळ असते. दाणे द्रावणात भिजत राहिले की ते सुटते, दाण्याच्या डाळी अलग होतात आणि बी निकामी होते.

याचा अर्थ सेंद्रिय पद्धत असाध्य आहे, असा मुळीच नव्हे. औषधाने झाकता येत होते ते दोष येथे उघडे पडतात, एवढेच. म्हणून रोप तगविण्याचा आरंभ मागील हंगामातील बीजप्लॉटापासून व्हावयास हवा. वाढती शेंग चुना मुळांकरवी नव्हे, तर स्वतःच सभोवतालच्या मातीतून घेते. तो कमी पडल्यास दाण्यातील कोंब काळवंडतो व उगवण घटते. तेथे जिप्समचे महत्त्व आहे, आणि नैसर्गिक खनिज जिप्सम सेंद्रिय शेतीस वर्ज्य नाही. बी शेंगांतच साठवावे, पेरणीच्या तोंडावर हाताने फोडावे, साल गेलेले व सुरकुतलेले दाणे वेचून काढावेत. पेरणी वाफशावर व सुमारे ५ सेंटीमीटर खोल करावी. अधिक खोल गेलेल्या कोंबाचा लांबलेला भाग बुरशीच्या तावडीत सापडतो. उन्हाळी भुईमुगास जमिनीचे उष्णतामान १८ अंशांवर गेल्याखेरीज घाई करू नये. या गोष्टी नवीन नाहीत. परंतु पत्रकांत त्या ‘बीजप्रक्रिया’ या मथळ्याच्या छायेत लोपतात.

शेतकऱ्यास थोडक्यात सांगावे लागते, असा युक्तिवाद यावर केला जाईल. तो मान्य आहे. पण संक्षेप आणि अपुरेपणा एक नव्हेत. सेंद्रिय शेतात रिकाम्या जागेची किंमत दुहेरी असते. तेथे तण माजते आणि तणनाशक वापरता येत नाही, तेव्हा खुरपणीची मजुरी वाढते. विरळ पिकात फुलकिड्यांमार्फत पसरणाऱ्या शेंडेमर रोगाचे प्रमाणही अधिक आढळते. उशिरा नांग्या भरल्या तरी मागाहून आलेली रोपे आधीच्यांच्या सावलीत खुरटतात. पहिल्याच वर्षी असे शेत पाहिलेला शेतकरी दोष पत्रकास देत नाही. तो स्वतःस किंवा सेंद्रिय शेतीस देतो. ही हानी केवळ शेंगांची नाही.

तेव्हा आमची अपेक्षा माफक आहे. यापुढे बीजप्रक्रियेची कोणतीही शिफारस करताना शेजारी प्रक्रियेविना पेरलेल्या चार ओळी ठेवण्यास सांगावे, आणि दोन्हींकडील रोपे दहाव्या व एकविसाव्या दिवशी मोजण्यास सांगावे. पहिली मोजणी उगवणीची, दुसरी तगण्याची. या दोन आकड्यांतील अंतर ज्या लेखनात दिसेल, त्यावर शेतकऱ्याने विश्वास ठेवावा, असे आम्हांस वाटते.