३ लाख तासांचं राजीनामापत्र

२०१५च्या मे महिन्यात मी अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या हॉस्टेलवर होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर एक राजीनामा फिरत आला. पवईच्या हाउसिंग डॉट कॉमचा २६ वर्षांचा सीईओ राहुल यादव यानं ३० एप्रिलला संचालक मंडळाला लिहिलेला. तुमच्याशी शहाण्यासारखं बोलता येईल एवढी तुमची बौद्धिक कुवत नाही, माझ्या आयुष्याचे ३ लाख तास उरलेत, ते तुमच्यावर घालवणार नाही, आठवडाभर मी आहे तेवढ्यात काय ते आटपून घ्या, असा एकूण सूर. आम्ही शिट्ट्या मारल्या. आंबेगाव तालुक्यातल्या पोरांना साहेबाला असं सुनावणारा माणूस पहिल्यांदाच दिसत होता.

परवा ते पत्र पुन्हा वाचलं, या वेळी टीकाकाराच्या नजरेनं. लेखन म्हणून ते झकासच आहे. छोटं, एकही वाक्य वाया न घालवणारं, उद्धट आणि विनोदी. हे ३ लाख तास त्यानं झोपेचे तास वजा करून काढलेले, त्यांना भागाकार केला तर पन्नासेक वर्षं येतात, म्हणजे गडी पंचाहत्तरीनंतर आटोपणार. आमच्याकडचे म्हातारे ऐंशीतही कांद्याला पाणी देतात, पण ते असो. मला खटकलं ते वेगळंच. या पत्रात दोनच पात्रं आहेत, ‘मी’ आणि ‘तुम्ही’. कंपनीत तेव्हा दोन हजारांवर लोक होते. त्यांच्या तासांचा हिशेब पत्रात कुठंच नाही.

५ मेला त्यानं राजीनामा मागं घेतला, माफी मागितली. १३ मेला स्वतःचे सगळे शेअर २,२५१ कर्मचाऱ्यांना वाटून टाकले. ही खरी दानत, नाकारण्यात अर्थ नाही. पण दानही लहरीतूनच आलेलं. १ जुलैला मंडळानं त्याला काढलं, पुढच्या काही महिन्यांत मोठी कर्मचारीकपात झाली आणि २०१७च्या जानेवारीत कंपनी प्रॉपटायगरमध्ये विलीन करायचं ठरलं. कागदावरच्या शेअरनं घरभाडं भरता येत नाही.

हाउसिंगमध्ये सॉफ्टबँकेचा पैसा होता, वीवर्कमध्येही. त्या वीवर्कवरची ‘वीक्रॅश्ड’ ही २०२२ची मालिका मी एसटीत बसून संपवली. जॅरेड लेटो भारी दिसतो, आणि हीच तर अडचण आहे. संस्थापकाचं वेड बघायला मजा यावी म्हणून कॅमेरा सतत त्याच्या खांद्यावर. त्याच्या एका वाक्यासरशी ज्यांचा महिना उलटापालटा होतो ते मागच्या टेबलांवर, आउट ऑफ फोकस.

त्या मागच्या टेबलावर मी दोन वर्षं काढली, पुण्यातल्या एका स्टार्टअपमध्ये. रविवारी रात्री साडेअकराला मेसेज यायचा, सोमवारी अख्खी टीम बदललेली असायची. तीन महिने लिहिलेला कोड एका कॉलमध्ये बाद झाला, कारण साहेबांनी विमानात एक पुस्तक वाचलं होतं. गावच्या यात्रेची मंजूर रजा आदल्या दिवशी रद्द झाली. आई फोनवर एवढंच म्हणाली, “तुझा मालक तमाशाचा फड चालवतो काय रे?”

आई जुन्नरची. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची माणसं येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवतात, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. फडमालक लहरी असू शकतो, पण कलावंत हंगामाआधी उचल घेतो. उचल म्हणजे काही सुख नव्हे, ती फेडता फेडता माणूस त्याच फडात अडकून पडतो. तरी आकडा आधी ठरतो आणि पैसा आधी हातात येतो. आम्हाला मात्र लहर आज सोसायची होती आणि ईसॉप पुढं कधीतरी मिळणार होते. आईला ते समजावताना मीच गडबडलो.

लहरी संस्थापकांवरची पुढची मालिका कुणी लिहीत असेल, तर तिनं त्या रविवारच्या साडेअकरापासून सुरू व्हावं. मेसेज पाठवणारा दिसू नये. भोसरीतल्या एका खोलीत फोन वाजावा, आणि शेजारी झोपलेल्या रूममेटनं कूस बदलावी.

माझा राजीनामा दोन ओळींचा होता. यादवनं मंडळाला आठवडा दिला होता. माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा होता, आणि मी तो पूर्ण भरला.