‘फरक आढळला नाही’ म्हणजे दोन्ही मलमं सारखीच का?

नेट-पेटच्या तयारीत पी-व्हॅल्यूची व्याख्या तुम्ही पाठ केलेली असते. ती पेपरमध्ये कशी चकवते ते बघायला एक जुना पेपर घेऊ, 1994 सालचा, ‘अ‍ॅक्टा डर्मेटो-व्हेनेरिओलॉजिका’ या नियतकालिकातला. विषय इम्पेटिगो. लहान लेकरांच्या नाका-तोंडाभोवती फोड्या येतात, फुटतात आणि मधासारखी पिवळी खपली धरते, तोच आजार. आपल्या भोकरकडं अशा वेळी डॉक्टरच्या आधी मेडिकल गाठलं जातं, म्हणून हा पेपर निवडला.

प्रश्न चांगला होता: अँटिबायोटिक मलमाऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम चालेल का? 256 रुग्ण घेतले, निम्म्यांना ही क्रीम, निम्म्यांना फ्युसिडिक अ‍ॅसिड. तीन आठवड्यांपर्यंत पहिल्या गटात 72 टक्के बरे झाले, दुसऱ्यात 82. फरक सांख्यिकीदृष्ट्या सार्थ नाही, म्हणून पेरॉक्साइड हा पर्याय, असा निष्कर्ष.

इथं थांबा आणि कॅल्क्युलेटर काढा. प्रत्येक गटात 128 जण धरून 95 टक्के विश्वास-अंतर काढलं, तर खरा फरक जवळपास शून्यापासून 20 टक्क्यांपर्यंत कुठंही असू शकतो. म्हणजे पाच लेकरांमागं एक जास्तीचं बरं व्हायचं राहिलं, हेही या आकड्यांत बसतं! फरक सिद्ध झाला नाही, एवढंच खरं. दोन्ही सारखी म्हणायचं तर किती उणं चालेल ते आधी ठरवावं लागतं. 10 टक्के चालेल म्हटलं, तरी नेहमीच्या 80 टक्के पॉवरला प्रत्येक गटात साधारण 250 जण लागतात.

दुसरी खोट मला जास्त खुपते. प्लासिबोचा गटच नाही. इम्पेटिगो पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो. मग त्या 72 मध्ये क्रीमचा वाटा किती? 2012 च्या कोक्रेन आढाव्यात फ्युसिडिक अ‍ॅसिड आणि म्युपिरोसिन प्लासिबोपेक्षा सरस ठरले. जंतुनाशकांसाठी तसा भक्कम पुरावा नव्हता.

तरीही ब्रिटनच्या ‘नाइस’नं 2020 मध्ये थोड्याच जागेत असलेल्या साध्या इम्पेटिगोला आधी 1 टक्का पेरॉक्साइड क्रीम सुचवली. मला ते पटतं. 2000 च्या आसपास स्कँडिनेव्हियात फ्युसिडिक अ‍ॅसिडला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस पसरला होता. 82 हा आकडा त्याआधीचा. अँटिबायोटिकचा परिणाम त्या गावच्या, त्या काळच्या जिवाणूंवर ठरतो.

आता भोकरला या. फोडी दाखवून मेडिकलवरून आणलेल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असू शकतं. स्टेरॉइडनं लाली उतरते, घरच्यांना गुण आल्यासारखं वाटतं, आत संसर्ग तसाच राहतो. केंद्र सरकारनं 7 सप्टेंबर 2018 ला 328 मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात अशी काही त्वचेची मलमंही होती. पण बंदी ठरावीक मिश्रणांवर असते, सगळ्या मिश्र मलमांवर नाही. तेव्हा ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. त्या 1994 च्या पेपरचा आधार असल्या मिश्रणाला देताच येत नाही, ते त्यात तपासलेलंच नव्हतं. ताप असेल, फोड मोठे असतील किंवा चट्टे पसरत असतील, तर मलमावर न थांबता दवाखाना गाठायचा. अँटिबायोटिक मलम डॉक्टरनं सांगितलं तर सांगितले तेवढेच दिवस लावायचं, सहसा पाच ते सात. उरलेली ट्यूब पुढच्या फोडीसाठी जपून ठेवायची नाही.

विषय शोधत असाल तर नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात विचारून बघा: त्वचेच्या स्वॅबमधला स्टॅफिलोकोकस तिथं फ्युसिडिक अ‍ॅसिड आणि म्युपिरोसिनसाठी तपासतात का? तपासत असतील तर निकाल तालुकावार वेगळे करता येतील का?