शाईंत उमटलेला शोक

चिनी सुलेखन म्हणजे केवळ वळणदार अक्षर, असा समज आमच्याकडील सुशिक्षितांतही आढळतो. त्याचें निरसन करण्यास यान झेनचिंग याचा इ. स. 758 मधील एक खर्डा पुरेसा आहे. आन लूशानच्या बंडांत मारल्या गेलेल्या चुलत पुतण्यासाठीं लिहिलेल्या शोकलेखाचा हा कच्चा मसुदा तैपेच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयांत आहे. सुबकपणा शोधूं जातां येथें निराशाच व्हावयाची; शब्द खोडलेले, मध्येंच नवे घातलेले.

परंतु ही शाई कशी असते तें ध्यानांत घ्यावें. काजळी सरसांत मळून तिची कांडी करितात. ती सहाणेसारख्या दगडावर पाण्यांत उगाळली म्हणजे हवी तितकी दाट शाई सिद्ध होते. कुंचला केसांचा. दाबला कीं रेघ फुगते, उचलला कीं बारीक होते. आमच्या बोरूच्या कठीण टोकास हें लवचिकपण कोठून यावें? शाई सरत आली म्हणजे केस विलग होतात आणि रेघेच्या पोटांतून कोरा कागद डोकावूं लागतो. अशा रेघेस चिनी लोक ‘उडतें पांढरें’ म्हणतात. यानला कुंचला पुन्हां बुडविण्याचें भान कित्येकदां राहिलेलेंच दिसत नाहीं. कोरड्या केसांनींच त्यानें अक्षरें पुढें ओढलीं आहेत. शाई कोठें घेतली, कोठें संपली, हें साडेबाराशेंहून अधिक वर्षांनींही नुसत्या डोळ्यांस दिसतें. स्वच्छ प्रतींत हें सारें लोपलें असतें.

हाच खर्डा पुढें कित्ता ठरला, हें मात्र आम्हांस विपरीत वाटतें. शिकणारे तो गिरवितांना खोडलेलीं अक्षरेंही हुबेहूब खोडतात!