फाट्यापासून आत

पुण्यात २०२१पासून दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता काही तास वाहनांसाठी बंद ठेवतात आणि पादचारी दिन साजरा होतो. त्या सुमारास वर्तमानपत्रांतून चालण्यावर लेख येतात. एकेकाळचे सायकलींचे शहर मोटारींचे कसे झाले, पदपथ कोणी गिळले, बसला स्वतंत्र मार्गिका का हवी, हे मराठीत आता बऱ्यापैकी लिहिले जाते. या लेखनाशी माझे भांडण नाही. त्यातल्या बहुतेक मागण्या मला मान्य आहेत. माझा आक्षेप त्यातल्या चालणाऱ्या माणसाविषयी आहे. हा माणूस मोटार घेऊ शकला असता, पण पर्यावरण, प्रकृती किंवा तत्त्वासाठी त्याने ती घेतली नाही. त्याचे चालणे हा त्याचा निर्णय आहे. हिंगोलीत बसून हे लेख वाचताना मला सारखे वाटत राहते, की महाराष्ट्रात सर्वांत जास्त जे चालतात, ते या लेखांत कुठेच नाहीत.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास आणि त्यात शहरी माणसे सुमारे १५ टक्के. अशा जिल्ह्यात प्रवासाचे एकक गाव नसून फाटा असतो. एसटी, काळी-पिवळी, टमटम, जे मिळेल ते माणसाला फाट्यावर सोडते. तिथून आत गाव दोन किलोमीटर असते, कधी पाच. वारंगा फाट्यासारखा एखादा फाटा खिचडीमुळे नावारूपाला येतो. बाकीच्यांची ओळख म्हणजे एक पिंपळ, एक टपरी आणि रंग उडालेली गावाच्या नावाची पाटी. फाट्यापासून आतले हे अंतर कोणाच्या हिशेबात आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

सुरुवात शब्दांपासून करतो. सरकारी मराठीत चालणे आणि सायकल चालवणे या दोन्हींना मिळून ‘मोटारविरहित वाहतूक’ म्हणतात. माणूस दोन पायांवर उभा राहिला त्याला लाखो वर्षे झाली, मोटारीला दीडशेही नाहीत. पण व्याख्या मोटारीची आणि आपण तिच्या अभावाने ओळखले जाणार. शब्दाचा हा दोष वरवरचा नाही. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने हलवण्यापेक्षा माणसे हलवण्याचा विचार करा असे सांगितले, आणि ते योग्यच होते. पण ते धोरण नावाप्रमाणे नागरी आहे. फाट्यापासून आत चालणाऱ्यासाठी तसे धोरण नाही. त्याच्यासाठी आहे ती प्रधानमंत्री ग्रामसडक योजना, आणि ती रस्त्याची योजना आहे. त्या रस्त्यावरून कोण कशाने जाणार, हे ती विचारत नाही.

आता आकड्यांकडे. २०११च्या जनगणनेने देशातल्या कामगारांना विचारले, की तुम्ही कामावर किती दूर आणि कशाने जाता. शहरी वाहतुकीवरच्या लेखांत हा तक्ता वारंवार येतो, कारण तो मोटारवाद्यांचे तोंड बंद करतो: चालत जाणारे सुमारे २३ टक्के, सायकलने सुमारे १३, बसने ११च्या आसपास आणि चारचाकीने तीन टक्क्यांहूनही कमी. हे आकडे उद्धृत करणाऱ्या लेखकांनी तक्त्याचे शीर्षक मात्र नीट वाचलेले दिसत नाही. तो ‘इतर कामगारां’चा तक्ता आहे. जनगणनेच्या परिभाषेत इतर कामगार म्हणजे शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे सोडून उरलेले सगळे. अशांची संख्या देशात सुमारे २० कोटी होती. त्याच जनगणनेत शेतकरी होते जवळपास १२ कोटी आणि शेतमजूर १४ कोटींहून अधिक. म्हणजे विचारले गेले २० कोटींना आणि वगळले गेले २६ कोटींना.

वगळण्यामागे बहुधा असा समज असावा, की शेतकरी शेतातच राहतो, त्याला कुठे जायचे असते? हिंगोली जिल्ह्यात असा समज ठेवणाऱ्याने जून-जुलैत सकाळी आठ वाजता कुठल्याही फाट्यावर उभे राहावे. निंदण-खुरपणाला निघालेल्या बाया डोक्यावर भाकरीचे गठुडे आणि हातात खुरपे घेऊन रांगेने जाताना दिसतील. सोयाबीन काढणीच्या दिवसांत त्यांना परगावी नेणाऱ्या टमटम दिसतील, ज्यांत किती माणसे बसवायची याला मर्यादा नसते. वसमतकडे हळद काढणीच्या हंगामात हेच. यांचा कामावर जाण्याचा प्रवास शहरातल्या कारकुनाच्या प्रवासाइतकाच खरा आहे. तो फक्त तक्त्यात नाही. आपल्या शहरी लेखकांनी आपली बाजू सिद्ध करायला वापरलेला पुरावाच चालणाऱ्यांतल्या मोठ्या समूहाला बाहेर ठेवून तयार झालेला आहे.

सरकारी तक्त्याला नावे ठेवणे सोपे आहे. साहित्याने तरी या चालण्याची गणती केली का? मराठीत चालण्याची परंपरा मोठी आहे आणि तिची सुरुवात आमच्याच भागात दाखवता येते. लीळाचरित्रातले चक्रधर सतत वाटेवर आहेत. परंपरा नामदेवांचा जन्म हिंगोलीजवळच्या नरसीचा मानते. विसोबा खेचरांची गाठ पडली ती औंढ्याला. नामदेवांच्या तीर्थावळीच्या अभंगांत प्रवासच विषय आहे आणि ते पंजाबात घुमानपर्यंत पोचले. (२०१५ साली त्या घुमानला साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपण साहित्यप्रेमी रेल्वेने गेलो.) विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेत गेले आणि ‘माझा प्रवास’ लिहून ठेवला. दि. बा. मोकाशींची ‘पालखी’ आहे. या सगळ्या चालण्याला काही हेतू आहे: देव, दक्षिणा किंवा शोध. त्यातला माणूस घर सोडून निघतो आणि त्याचे निघणे ही घटना असते. रोज सकाळी निघून रोज संध्याकाळी परतणारीचे चालणे ही घटना होत नाही, म्हणून ते लिहिलेही जात नाही.

इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख मी या परंपरेत सर्वांत वर ठेवीन. वारीत चालताना त्यांनी भक्तीपेक्षा वेगळे काही पाहिले. एकाच वाटेने, एकच अभंग म्हणत जाणाऱ्या दिंडीतली माणसे जेवायला जातीप्रमाणे वेगळी बसत होती. वाट एक असली म्हणून चालणे एक होत नाही, हे त्यांना दिसले. मोकाशींची सहानुभूती अधिक मऊ आहे, पण त्यांची नजर माणसांच्या स्वभावात रमते. इरावतीबाईंची नजर रांगेच्या रचनेवर असते.

दलित आत्मकथनांनी चालण्याचा आणखी एक अर्थ पुढे आणला. शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’च्या नावातच तो आहे. तराळाचे काम म्हणजे गावोगाव निरोप, टपाल, मयताची बातमी पोचवणे. ते चालणे हुकमाचे होते. डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये सांगितलेला १९०१चा प्रसंग तर वाहनाची सगळी कथाच उलटी करतो. मसूर स्टेशनवर उतरलेल्या मुलांना कोणी गाडीवान बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तो अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची. गाडीवान बाजूने पायी चालत राहिला. इथे चालणारा गरीब नाही आणि बसलेला श्रीमंत नाही. इथे चालणे म्हणजे अंतर राखणे. चालणे स्वभावतःच समतेचे असते असे लिहिणाऱ्या शहरी निबंधकारांनी हे पान समोर ठेवावे. एसटीच्या बाकावर तिकीट काढून कोणीही कोणाशेजारी बसू शकतो, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर किती मोठी आहे हे मग कळते.

एसटीविषयी मात्र मराठी साहित्य फारच कमी गंभीर राहिले. तिचे सर्वांत लोकप्रिय चित्र पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’मध्ये आहे आणि ते अप्रतिम आहे यात शंका नाही. पण त्यातला विनोद एका गृहीतावर उभा आहे: गाडी थांबली तरी कोणाचे काही कायमचे बिघडत नाही. उशीर ही तिथे करमणूक आहे. बारावीचे प्रॅक्टिकल असलेल्या मुलीची गाडी आली नाही, तर तो विनोद होत नाही. ‘म्हैस’नंतर आपण एसटी म्हटली की हसायला तयार होतो, आणि ते हसू आपल्याला पुढे विचार करू देत नाही, असे माझे मत आहे. ‘बनगरवाडी’ (१९५५) याला अपवाद ठरते, जरी तिच्यात एसटी नाही. माडगूळकरांचा तरुण मास्तर नेमणुकीच्या गावी पायी निघतो आणि कादंबरी त्या चालण्यापासून सुरू होते. पुढे दुष्काळात धनगर मेंढरे घेऊन गाव सोडतात. मास्तराचे चालणे आणि धनगरांचे चालणे यांतला फरक माडगूळकर सांगत नाहीत, दाखवतात.

मराठवाड्यातल्या सार्वजनिक बसचा इतिहास पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ला धावलेल्या पहिल्या एसटीपासून सुरू होत नाही, हेही नोंदवायला हवे. निजाम राज्याच्या रेल्वे खात्याने १९३२मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली होती. १९६१मध्ये मराठवाड्याची आणि विदर्भाची वाहतूक मुंबई राज्याच्या महामंडळात मिळाली आणि आजचे एसटी महामंडळ झाले. ‘गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एसटी’ ही घोषणा नंतरची. तिचा पहिला अर्धा भाग बराच खरा ठरला. दुसरा अर्धा उलट दिशेने जातो आहे. रस्ता चांगला झाला की मोटारसायकली आणि टमटम वाढतात, एसटीचे प्रवासी घटतात, मग फेरी तोट्यात जाते आणि बंद होते. ज्याच्याकडे मोटारसायकल नाही, त्याला रस्ता झाल्याने बस गेली, असा अनुभव येतो. यात पहिल्यांदा गेली ती मुक्कामी गाडी. रात्री गावात थांबून पहाटे निघणाऱ्या या गाडीवर दवाखाना, बाजार, कॉलेज, कोर्टाची तारीख अशी सगळी कामे अवलंबून असत.

ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२मध्ये संपला. त्यांच्या मागण्यांवर भरपूर लिहिले गेले आणि ते लिहायलाच हवे होते. त्या साडेपाच महिन्यांत फाट्यापासून आतली माणसे कशी गेली-आली, यावर मला फारसे वाचायला मिळाले नाही. पुढे ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि १७ मार्च २०२३पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाला. बायांचे बाहेर पडणे त्याने वाढले, हे बाजाराच्या दिवशी डोळ्यांना दिसते. पण सवलत तिकिटावर असते. महामंडळाचा ताफा कोविडपूर्वीच्या १८ हजारांच्या घरातून १५-१६ हजारांवर आला, तेव्हा ज्या गावाची फेरीच गेली तिथल्या बाईला अर्धे तिकीट काढायला आधी फाट्यापर्यंत चालावे लागते.

सायकलीचेही असेच. मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. लांबच्या मुलींसाठी निळ्या बस आहेत. योजना चांगली आहे. बिहारमध्ये २००६पासून मुलींना सायकली दिल्या, त्याचा कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी अभ्यास केला. माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि परिणाम सर्वांत ठळक होता तो शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीने हजारो बायांना सायकल शिकवली, त्यावर पी. साईनाथ यांनी लिहिलेले आजही वाचनीय आहे. आपल्याकडे सायकलीची नोंद वाटपाच्या दिवशी होते आणि तिथेच संपते. आमच्या गावातले सायकलचे दुकान आता फक्त मोटारसायकलींचे पंक्चर काढते. सायकल नादुरुस्त झाली की ती पाच किलोमीटरांची मुलगी पुन्हा पायी, आणि आता बसच्या यादीतही नाही.

या सगळ्याच्या मधोमध अकोला-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी झाला आहे. मालमोटारींची सोय झाली. फाट्यावर मात्र पलीकडे जायचे कसे, हा नवा प्रश्न आला. २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली, त्यांतले ३२ हजार ८२५ पादचारी होते. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. निकाल स्वागतार्ह आहे, पण फाट्यावर पदपथच नाही, तर निर्वेध काय ठेवणार? नोव्हेंबर २०२२मध्ये भारत जोडो यात्रा कळमनुरी-हिंगोलीतून गेली, तेव्हा चार दिवस आमच्या जिल्ह्यातले चालणे देशभरच्या वर्तमानपत्रांत होते. नंतर रस्ता पुन्हा मालमोटारींचा झाला.

रोजच्या चालण्याचा मराठीतला खरा दस्तऐवज कुठे आहे, असे विचारले तर मी जात्यावरच्या ओव्यांकडे बोट दाखवीन. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माहेरची वाट, उन्हातली वाट, भावाची वाट पाहणे आहे. ‘वाट’ या शब्दाचे दोन्ही अर्थ बायांनी एकत्र वापरले आहेत. त्यांचा अभ्यास भक्ती, नाती, जात या अंगांनी झाला. प्रवासाचा दस्तऐवज म्हणून अजून व्हायचा आहे. कोणा विद्यार्थ्याने तो प्रबंधाचा विषय म्हणून घ्यावा. आणि २०२७च्या जनगणनेत कामावर जाण्याचा प्रश्न शेतमजूर बाईलाही विचारावा, ही मागणी शहरातल्या पादचारी संघटनांनी आपल्या यादीत घालावी. तक्ता त्यांच्याच उपयोगाचा आहे.

एक कागद मात्र असा आहे, ज्यात हे चालणे पूर्वीपासून नोंदलेले आहे. महसुलाच्या गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पाऊलमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात. पाऊलमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. मे २०२५च्या शासननिर्णयाने शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद करून त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यायला सांगितले आहे. कारण यंत्रे मोठी झाली, ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर जायला हवेत. ते रास्तच आहे. पण एकेरी रेषेचे काय करायचे, हे तहसीलदारांना कोणी विचारत नाही. आमच्या गावच्या नकाशात अशा चार रेषा आहेत. दोन नांगरल्या गेल्या, एक बाभळींत गेली. चौथीवरून निंदायला जाणाऱ्या बाया अजून जातात, पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन.