बागेतील छाटणीची नोंद

संगणकजालावरील लेखनाचे ‘प्रवाह’ आणि ‘बाग’ असे दोन प्रकार अमेरिकेतील माइक कॉलफिल्ड यांनी २०१५ मधील एका व्याख्यानात कल्पिले. प्रवाहात नवा मजकूर वर येतो, कालचा वाहून जातो. बागेत जुन्या टिपणाची पुनःपुन्हा मशागत होते, शेजारच्या टिपणांशी ते जोडले जाते. विचाराला मुरण्यास अवधी हवा, हा या मांडणीचा आग्रह आम्हास मोलाचा वाटतो.

मात्र रूपकात एक उणीव राहते. छाटलेली फांदी कोणी परत मागत नाही. बदललेल्या मताचे तसे नाही. पूर्वीचे मत प्रमाण मानून ज्याने ते उद्धृत केले, त्या वाचकाचा आधारच मूक दुरुस्तीने नाहीसा होतो. कॉलफिल्ड यांच्यासमोर वॉर्ड कनिंगहॅम यांची विकी-प्रणाली होती; तिच्यात प्रत्येक बदलाची नोंद पानासोबत राहते. वैयक्तिक संकेतस्थळावर तसे बंधन नसते. कार्यालयीन टिप्पणीतील चुकीचा मजकूर वाचता येईल अशा आडव्या रेघेने खोडून शेजारी सही व तारीख घालतात. आपले संकेतस्थळ बागेप्रमाणे जोपासणाऱ्यांनी हीच शिस्त पाळावी, असे आम्ही सुचवितो. मत का बदलले, हे वाचकाला त्यातूनच कळेल.